तापलेला अटलांटिक आणि हरिकेनचा हंगाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे संपत आला की फ्लोरिडा, टेक्सस आणि कॅरोलायनातल्या मराठी मंडळींचे प्रश्न यायला लागतात. त्याहून जास्त येतात ते त्यांच्या पुण्या-नाशिक-सांगलीतल्या आईवडिलांचे. ‘समुद्र तापलाय, यंदा भयंकर वादळं होणार’ अशी बातमी टीव्हीवर फिरली की तर विचारूच नका. मी फ्लोरिडात टॅम्पा उपसागराच्या काठी राहते, त्यामुळे या काळजीची कारणं मला ठाऊक आहेत. घाईत असाल तर प्रश्न १३ ते १९ आधी वाचा. हंगाम लागायला अजून महिना असेल तर प्रश्न २२ आधी.

१. हरिकेन म्हणजे आपलं चक्रीवादळच ना? त्याचा हंगाम कधी असतो?

हो, तेच. अटलांटिकमध्ये वाऱ्याचा वेग ताशी ६३ किलोमीटरवर गेला की वादळाला नाव मिळतं आणि ११९ वर गेला की ते हरिकेन ठरतं. हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. खरा जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, आणि शिखर १० सप्टेंबरच्या आसपास, म्हणजे साधारण गणपतीच्या दिवसांत.

२. समुद्र तापला म्हणजे किती तापला? एखाद्या अंशानं असं काय बिघडतं?

हरिकेनला साधारण २६.५ अंश सेल्सियसच्या वरचं पाणी लागतं. त्या पाण्याची वाफ वर जाते, वर तिचे ढग होतात आणि वाफेतली उष्णता बाहेर पडते. ती उष्णता हेच वादळाचं इंधन. हवा एका अंशानं तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. म्हणून एक अंश ऐकायला किरकोळ वाटला तरी वादळाच्या हिशोबात तो मोठा असतो.

बघायचं ते आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून कॅरिबियनपर्यंतच्या पट्ट्याकडे. मोठी वादळं बहुतेक तिथंच जन्मतात. २०२३ आणि २०२४ मध्ये या पट्ट्यानं तापमानाचे जुने विक्रम मोडले.

जुलै २०२३ मध्ये फ्लोरिडाच्या मॅनाटी बेमध्ये ३८.४ अंशांची नोंद झाली होती. तो आकडा आजही फिरतो. नोंद खरी आहे, पण ती उथळ, गढूळ खाडीतली आहे. तिच्यावरून सगळ्या अटलांटिकचा अंदाज बांधू नका.

३. वरचं पाणी गरम असलं की झालं ना? खोलवर कशाला बघायचं?

खरी मेख तिथंच आहे. वादळ समुद्र घुसळतं आणि खालचं गार पाणी वर आणतं. एकाच जागी रेंगाळलं तर स्वतःखालचं पाणी स्वतःच थंड करून बसतं आणि त्याचा जोर ओसरतो. पण उष्णता खोलवर मुरलेली असेल तर घुसळून वर येणारं पाणीही गरमच निघतं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मेलिसा नावाचं हरिकेन जमैकाच्या दक्षिणेला कितीतरी दिवस अगदी सावकाश सरकत होतं. एरवी अशा चालीनं वादळ दमतं. तिथं मात्र गरम पाण्याचा थर इतका जाड होता, की ते बळावतच गेलं. २८ ऑक्टोबरला जमैकावर धडकलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी २९५ किलोमीटरच्या घरात होता. किनाऱ्यावर आदळतानाच्या जोरात अटलांटिकच्या इतिहासातल्या सगळ्यात भीषण वादळांमध्ये त्याची गणना होते.

४. म्हणजे समुद्र गरम असला की वादळ होणारच, असं समजायचं का?

नाही. गरम पाणी नसेल तर हरिकेन होत नाही हे खरं, पण नुसत्या गरम पाण्यानंही ते होत नाही. आधी एखादं बीज लागतं. बहुतेकदा ते आफ्रिकेवरून पश्चिमेकडे सरकणाऱ्या पावसाळी पट्ट्यांतून येतं. हवा खालपासून वरपर्यंत दमट लागते. सहाराची कोरडी, धुळीची हवा समुद्रावर पसरली तर ढग वाढायच्या आतच विरतात. आणि खालचा व वरचा वारा यांत फार तफावत असून चालत नाही. खाली एक दिशा आणि वर भलतीच, असं झालं की वादळाचा उभा खांब कलतो आणि मोडतो.

५. एल निनोचं वर्ष आहे म्हणतात. ते इथं चांगलं की वाईट?

अटलांटिकपुरतं बोलायचं तर साधारणपणे चांगलं. प्रशांत महासागरात एल निनो असला, म्हणजे तिथलं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा गरम झालं, की अटलांटिकवर प्रश्न ४ मधली वाऱ्यांची तफावत वाढते आणि वादळं कमी होतात. ला निनात, म्हणजे ते पाणी गार असताना, याच्या उलट. मराठी माणसाला हे जरा अवघड जातं, कारण आपल्याकडे ला निना म्हणजे बरेचदा भरपूर पाऊस आणि एल निनो म्हणजे पोटात गोळा. गावाकडे पाऊस बरा म्हणून हायसं वाटावं आणि त्याच कारणानं इकडे फ्लोरिडातल्या लेकीची काळजी वाढावी, असं होऊ शकतं.

मात्र हा नियम मोडतोही. २०२३ मध्ये एल निनो होता. भारतात तो ऑगस्ट १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. तरी अटलांटिकमध्ये नावाची २० वादळं झाली, कारण समुद्रच विक्रमी तापलेला होता.

६. ‘यंदा १७ ते २५ वादळं’ अशा आकड्यांचा अर्थ काय घ्यायचा?

हे आकडे सगळ्या अटलांटिकचे असतात, तुमच्या गावाचे नसतात. १९९१ ते २०२० ची सरासरी अशी: नावाची १४ वादळं, त्यांतली ७ हरिकेन, आणि त्यांतली ३ मोठी, म्हणजे कॅटेगरी ३ किंवा वरची (वाऱ्याच्या वेगावरून हरिकेनची १ ते ५ अशी प्रतवारी करतात, तीच कॅटेगरी). अमेरिकेची सरकारी संस्था नोआ मे महिन्यात अंदाज देते आणि ऑगस्टमध्ये सुधारते. कोलोराडो स्टेट युनिव्हर्सिटीचा अंदाज एप्रिलमध्येच येतो.

आकड्यावरून जास्त घाबरूही नका आणि निर्धास्तही राहू नका. १९९२ मध्ये नावाची जेमतेम सहा वादळं झाली आणि पहिलं यायला ऑगस्टचा मध्य उजाडला. ते पहिलं वादळ म्हणजे अँड्र्यू. २४ ऑगस्टला त्यानं मायामीच्या दक्षिणेचं होमस्टेड भुईसपाट केलं. २०२५ मध्ये फक्त पाच हरिकेन झाली, सरासरीपेक्षा कमी, आणि अमेरिकेच्या किनाऱ्यावर एकही धडकलं नाही. पण त्या पाचांतली तीन कॅटेगरी ५ ला पोहोचली आणि त्यांतलंच एक मेलिसा होतं.

७. २०२४ चा अंदाज फसला होता ना? ऑगस्टच्या शेवटाला तर काहीच नव्हतं.

तसं वाटलं होतं खरं. १२ ऑगस्टला अर्नेस्टोला नाव मिळालं आणि त्यानंतर जवळपास चार आठवडे एकही नवं नाव नाही. समुद्र तापलेला होताच. पण आफ्रिकेवरचा पावसाळी पट्टा नेहमीपेक्षा फार उत्तरेला सरकला होता. त्यातून निघणारी बीजं थंड पाण्यावर आणि कोरड्या हवेत येऊन विरत होती. ‘उगाच घाबरवलं’ असं बोलणारे बरेच जण मला तेव्हा भेटले.

मग २५ सप्टेंबरपासून पुढे सात हरिकेन झाली. हेलीन आणि मिल्टन त्यांतलीच. हंगाम संपला तेव्हा हिशोब होता १८ वादळं, ११ हरिकेन, ५ मोठी. नोआनं मेमध्ये सांगितलं होतं १७ ते २५, ८ ते १३ आणि ४ ते ७. मधला महिना शांत गेला म्हणून तयारी मोडू नका, हे त्या वर्षानं शिकवलं.

८. हे सगळं हवामानबदलामुळे आहे का?

वादळांची संख्या वाढते आहे असं ठामपणे म्हणता येत नाही. पण जी होतात त्यांतला तीव्र वादळांचा वाटा गेल्या चार दशकांत जगभर वाढल्याची दाट शक्यता आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या समितीच्या अहवालात नोंदलेली आहे. पाऊस जास्त पडतो आणि समुद्राची पातळी चढल्यामुळे पाणीही आत जास्त शिरतं. माणसानं वातावरणात अडकवलेल्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून जास्त समुद्रानं पोटात घेतली आहे. कुठलंही एक वादळ ‘हवामानबदलामुळे झालं’ असं म्हणणं चुकीचं, आणि ‘त्याचा काही संबंध नाही’ हेही चुकीचं.

९. मग आपल्या कोकणातही असंच होणार का?

अरबी समुद्र वेगळा आहे, पण तोही तापतो आहे. एप्रिल-मेमध्ये तिथलं पाणी २९-३० अंशांपर्यंत जातं, म्हणजे इंधन भरपूर. ऐन पावसाळ्यात मात्र मोठी चक्रीवादळं सहसा होत नाहीत, कारण मोसमी वाऱ्यांमुळे खालच्या आणि वरच्या वाऱ्यांत प्रचंड तफावत असते (प्रश्न ४). म्हणून आपल्याकडे धोक्याचे काळ दोन: पावसाळ्याच्या आधी आणि नंतर. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी अरबी समुद्रातली चक्रीवादळं गेल्या काही दशकांत वाढल्याचं दाखवलं आहे.

३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, मुरूड, दापोलीच्या नारळी-पोफळीच्या बागा त्यात आडव्या झाल्या. पोफळ पुन्हा धरायला वर्षं लागतात, त्यामुळे ते नुकसान एका हंगामाचं नव्हतं. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं आणि मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा बार्ज बुडून कितीतरी कामगार गेले.

तुलना करताना एक पथ्य पाळा. भारतीय हवामान विभाग तीन मिनिटांच्या सरासरीनं वाऱ्याचा वेग मोजतो, अमेरिकेत एका मिनिटाच्या. त्यामुळे एकाच वादळाचा अमेरिकी आकडा थोडा जास्त दिसतो.

१०. एवढं विज्ञान पुढं गेलंय, वादळ समुद्रातच फोडता येत नाही का?

अमेरिकेनं १९६२ ते १९८३ या काळात ‘स्टॉर्मफ्युरी’ प्रकल्पात विमानातून ढगांत रसायन फवारून पाहिलं. उपयोग झाला नाही. अणुबॉम्बबद्दलही दरवर्षी विचारलं जातं. वादळातली उष्णता इतकी प्रचंड असते की त्यावर बॉम्बचा काही परिणाम होणार नाही, उलट किरणोत्सर्ग वाऱ्यानं सगळीकडे पसरेल.

११. काल रात्री साधं वादळ होतं, सकाळी कॅटेगरी ४? असं कसं?

२४ तासांत वेग ताशी ३५ मैलांनी, म्हणजे सुमारे ५५ किलोमीटरनं वाढला, तर त्याला झपाट्यानं बळावणं म्हणतात. खोल गरम पाणी (प्रश्न ३) आणि वर शांत वारा जुळून आले की हे घडतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मेक्सिकोच्या प्रशांत किनाऱ्यावर ओटिस एका दिवसात साध्या वादळाचं कॅटेगरी ५ झालं आणि आकापुल्कोवर आदळलं. लोकांना हाताशी एक रात्रही मिळाली नाही. मिल्टननं मेक्सिकोच्या आखातात एका दिवसात सुमारे ताशी ९० मैलांची वाढ घेतली.

तापलेल्या समुद्राची मला सगळ्यात मोठी भीती वाटते ती हीच. वादळं किती होतात यापेक्षा निर्णयाला वेळ किती मिळतो, हे जास्त महत्त्वाचं. म्हणून ‘अजून कॅटेगरी १ च आहे, उद्या बघू’ हा हिशोब करू नका.

१२. कॅटेगरी १ आहे, म्हणजे घरात थांबलं तर चालेल?

कॅटेगरी फक्त वारा सांगते. पाऊस किती पडेल, समुद्र किती आत येईल, वीज किती दिवस जाईल, यांतलं काहीच ती सांगत नाही. जुलै २०२४ मध्ये बेरिल टेक्ससवर आलं तेव्हा कॅटेगरी १ च होतं. ह्यूस्टन भागात २० लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, तीही ऐन उन्हाळ्यात, आणि काहींची अनेक दिवस आली नाही. नंतरचे मृत्यू वाऱ्यानं झाले नाहीत, उकाड्यानं झाले. याच बेरिलनं आठवडाभर आधी कॅरिबियनमध्ये कॅटेगरी ५ गाठली होती. अटलांटिकमध्ये हंगामात इतक्या लवकर तसं वादळ त्याआधी नोंदलेलं नाही.

१३. नकाशावरच्या कोनाच्या बाहेर आमचं गाव आहे. सुटलो ना?

अंदाजाच्या नकाशावर वादळाच्या पुढच्या वाटेचा जो शंकूसारखा पट्टा काढतात, तो हा कोन. तो फक्त वादळाचा मध्य कुठून जाऊ शकतो एवढंच दाखवतो. तेही साधारण तीनांतल्या दोन वेळा मध्य कोनाच्या आत राहतो, या हिशोबानं. वारा, पाऊस आणि पाणी कोनाच्या कितीतरी बाहेर जातात.

हेलीन २६ सप्टेंबर २०२४ ला आमच्यापासून दीडशेहून जास्त किलोमीटर दूर, समुद्रातूनच उत्तरेकडे निघून गेलं. तरी टॅम्पा उपसागराचं पाणी सहा फुटांच्या आसपास चढलं. सेंट पीटर्सबर्गच्या शोअर एकर्स वस्तीत त्या रात्री पाऊस फारसा नव्हता. पाणी गटाराच्या जाळीतून वर आलं आणि मग दारांखालून आत. दोन दिवसांनी एका ओळखीच्या घरी गेले, तर भिंतीवर कमरेच्या जरा खाली तपकिरी रेघ होती, फ्रिज आडवा तरंगून दारात अडकला होता आणि देव्हारा वरच्या फळीवर होता म्हणून तेवढाच कोरडा राहिला होता. पुढच्या आठवड्यात भिंतींचे खालचे चार फूट कापून काढावे लागले.

१४. वॉच आणि वॉर्निंग यांत फरक काय? आम्ही भारतातून कधी बघावं?

वादळी वारे सुरू होण्याच्या साधारण ४८ तास आधी वॉच येतं, ३६ तास आधी वॉर्निंग. वॉच आलं की बॅग भरून तयार. वॉर्निंग आली की काम संपवायचं, सुरू करायचं नाही.

मायामीच्या नॅशनल हरिकेन सेंटरचं निवेदन इथल्या पहाटे ५, सकाळी ११, संध्याकाळी ५ आणि रात्री ११ ला निघतं. तुमच्याकडे तेव्हा दुपारचे अडीच, रात्रीचे साडेआठ, मध्यरात्रीचे अडीच आणि सकाळचे साडेआठ असतात. तेवढ्याच वेळी बघा. मधल्या काळात मोबाइलवर येणारे व्हिडिओ बहुतेक जुने किंवा भलत्याच वादळाचे असतात. वादळ किनाऱ्याजवळ आलं की मध्ये दर तीन तासांनी जादा निवेदन येतं.

१५. घर सोडायला सांगितलं तर किती लांब जायचं?

इथली शिकवण अशी: पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून आडोसा घ्या. समुद्राच्या पाण्याच्या टप्प्यात असाल तरच घर सोडायचं. त्यासाठी भागांचे झोन पाडलेले असतात. तुमचा झोन काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, वेबसाइटवर पत्ता टाकून कळतो. फ्लोरिडात ‘ए’ झोन सगळ्यात आधी रिकामा करतात. मोबाइल होममध्ये, म्हणजे कारखान्यात तयार करून आणून ठेवलेल्या हलक्या घरात, राहत असाल तर झोन कुठलाही असो, निघायचंच.

जायचं शेकडो मैल नाही. वीस-तीस मैल आत, उंचावर, पक्क्या घरात, ओळखीच्या कुणाकडे. २००५ मध्ये रीटाच्या वेळी ह्यूस्टन भागातून पंचवीस लाखांच्या वर माणसं एकदमच निघाली. तासन् तास गाड्या उन्हात अडकून पडल्या आणि कितीतरी जण वादळात नाही, या प्रवासात गेले. मराठी मंडळाच्या ग्रुपवर हंगामाच्या आधीच ‘कुणाकडे चार माणसं उतरू शकतात’ हे ठरवून ठेवावं. संकोच करू नका. इथं शेजारधर्म याच दिवसांत दिसतो.

१६. मुलगा टॅम्पाला एकटाच आहे. सरळ भारतात बोलावून घेऊ का?

नका. वादळ जवळ येतं तसे विमानतळ बंद पडतात आणि तो तिथंच अडकेल. त्याला तीन गोष्टी विचारा: झोन कुठला, जायचं कुणाकडे, गाडीत पेट्रोल किती. उत्तरं पटापट आली तर तो तयार आहे. आणि वादळाच्या रात्री सारखे फोन करू नका, त्याची बॅटरी त्याला लागणार आहे. ‘सुखरूप’ एवढा एक मेसेज ठरवून ठेवा. मोबाइलचे टॉवर पडले तर तो एक-दोन दिवस उशिरा येईल, हेही आधीच मनात धरा.

१७. आम्ही समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर, डोंगरात राहतो. आम्हाला काय भीती?

हेलीनच्या आधी नॉर्थ कॅरोलायनाच्या पश्चिम भागातले लोकही हेच म्हणत होते. तिथल्या डोंगरांत काही ठिकाणी ३० इंचांहून जास्त पाऊस झाला. नद्या गावांतून वाहिल्या, दरडी कोसळल्या, रस्ते आणि पूल गेले. एकट्या त्या राज्यात शंभराहून जास्त माणसं गेली. अॅशविल शहरात नळाचं पाणी पिण्याजोगं व्हायला ५३ दिवस लागले.

माळीण आणि तळीये आठवत असणाऱ्यांना उतारावर साठलेलं पाणी काय करतं ते वेगळं सांगायला नको. अलीकडच्या वर्षांत अमेरिकेत हरिकेनचे निम्म्याहून जास्त थेट बळी पावसाच्या पुरानं घेतले आहेत. ओढ्याकाठी किंवा उताराच्या पायथ्याशी घर असेल तर किनाऱ्याच्या लोकांइतकंच सावध राहा. पाण्याखालच्या रस्त्यावर गाडी घालू नका.

१८. टॅम्पाला मोठं वादळ थेट येतच नाही म्हणतात. खरं का?

मोठं हरिकेन इथं थेट धडकलं ते १९२१ मध्ये. तेव्हापासून चुकत आलंय, एवढंच. मूळ रहिवाशांच्या जुन्या टेकड्या शहराला राखतात अशी समजूत इथं आहे. श्रद्धा म्हणून ठीक, पण त्यावर घर सोडायचं की नाही हे ठरवू नका.

मिल्टन आमच्याचकडे येतंय असं वाटत होतं. ९ ऑक्टोबर २०२४ ला ते थोडं दक्षिणेला, सिएस्टा कीवर धडकलं. त्यामुळे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहिला आणि उपसागराचं पाणी मागे हटून तळ उघडा पडला. काही जण तिथं फोटो काढायला उतरले. असं कधीच करू नका, ते पाणी परत येतं. त्याच रात्री सेंट पीटर्सबर्गमध्ये १८ इंचांहून जास्त पाऊस झाला आणि बेसबॉल स्टेडियमचं छप्पर फाटलं. दूर पूर्व किनाऱ्यावर तर वादळाच्या आधीच आलेल्या टॉर्नेडोंनी बळी घेतले.

१९. तयारीत नेमकं काय हवं? काचांना टेप लावायची का?

टेप नको. तिनं काच वाचत नाही, फुटली तर मोठे धारदार तुकडे होतात. शटर किंवा प्लायवूड लावा. माणशी रोज एक गॅलन पाणी, निदान तीन दिवसांचं, आणि जमलं तर आठवड्याचं. बाथटब भरून ठेवा, फ्लशला कामी येतो. न शिजवता खाता येईल असं काही: चिवडा, लाडू, दशम्या, शेंगदाणे. औषधं दोन आठवड्यांची.

जनरेटर हा स्वतंत्र धोका आहे. तो घरात, गॅरेजमध्ये किंवा खिडकीखाली कधीच लावू नका. घरापासून निदान २० फूट दूर, धूर घराकडे येणार नाही असा. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि वादळ गेल्यावर त्यानं माणसं दगावतात. अंगणातल्या खुर्च्या, कुंड्या, तुळशीवृंदावन आत घ्या. हेलीननंतर रस्त्याकडेला काढून ठेवलेले भिजके सोफे आणि कपाटं दोन आठवड्यांत मिल्टनच्या तोंडावर तशीच पडून होती. ती वाऱ्यानं उडतील या धास्तीनं रात्रंदिवस ट्रक फिरत होते.

२०. मी विद्यार्थी आहे, भाड्यानं राहतो. माझं काय जाणार?

कागदपत्रं जातील, आणि ती परत मिळवणं सगळ्यात कटकटीचं असतं. पासपोर्ट, आय-२०, व्हिसाचे कागद, पदव्या, सगळं झिप लागणाऱ्या पिशवीत घालून पाठीवरच्या बॅगेत ठेवा. फोटो काढून घरच्यांनाही पाठवून ठेवा. घरमालकाचा विमा तुमच्या सामानाला लागू होत नाही. रेंटर्स पॉलिसी घ्या, पण पुरासाठी ती चालत नाही (प्रश्न २२).

२१. सप्टेंबरमध्ये आईबाबांना घेऊन ऑर्लँडोला जायचं ठरवतोय. जाऊ का?

जा, पण परत मिळतील अशीच तिकिटं आणि हॉटेल घ्या. प्रवासविमा काढायचा तर वादळाला नाव मिळायच्या आधी. नंतर काढलेला त्या वादळासाठी सहसा चालत नाही.

२२. घराचा विमा आहे. पुराचं वेगळं काही लागतं का?

लागतं, आणि हंगाम सुरू व्हायच्या आधीच लागतं. घराच्या नेहमीच्या पॉलिसीत पुराचं पाणी धरलेलं नसतं. सरकारी पूरविमा वेगळा काढावा लागतो आणि तो सहसा ३० दिवसांनी लागू होतो. घर घेताना कर्जासोबत काढला तर ही अट लागत नाही. मर्यादा घराला अडीच लाख डॉलर, सामानाला एक लाख. भाडेकरूही सामानापुरता काढू शकतात. गाडी पुरात गेली तर तिच्या कॉम्प्रिहेन्सिव्ह विम्यातून मिळतं, नुसत्या लायबिलिटीतून नाही.

हरिकेन डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला आधी स्वतः सोसायचा वाटा, तोही तपासा. फ्लोरिडात ते बहुधा घराच्या विमा रकमेच्या २, ५ किंवा १० टक्के असतं. चार लाखांच्या घराला २ टक्के म्हणजे पहिले आठ हजार डॉलर तुमचे. वादळ जवळ आलं की कंपन्या नव्या पॉलिसी देणं आणि जुन्या बदलणं थांबवतात.

२३. आमचं घर ‘एक्स’ फ्लड झोनमध्ये आहे, मग घर सोडायची गरज नाही ना?

हे दोन वेगळे नकाशे आहेत. फ्लड झोन विम्यासाठी आणि बांधकामासाठी. इव्हॅक्युएशन झोन समुद्राचं पाणी किती आत येईल यावरून जीव वाचवण्यासाठी. एकाच घराचा पहिला ‘एक्स’ आणि दुसरा ‘बी’ असू शकतो. ‘बी’ ला निघायचा आदेश आला की निघायचं. आणि ‘एक्स’ म्हणजे पूर येतच नाही असंही नाही. पूरविम्याच्या दाव्यांतला मोठा वाटा कमी धोक्याच्या मानलेल्या भागांतून येतो.

२४. छताचे पत्रे उडाले आणि पाऊस आत आला. हा वारा की पूर?

वाऱ्यानं आधी भोक पाडलं आणि त्यातून पाऊस आला, तर ते बहुधा घराच्या पॉलिसीत बसतं. पाणी जमिनीवरून वाहत आत आलं तर पूर. दोन्ही एकाच रात्री झालं तर भांडण इथंच लागतं, कारण एक कंपनी दुसरीकडे बोट दाखवते. म्हणून सुरक्षित झाल्याबरोबर, साफसफाईच्या आधी, फोटो आणि व्हिडिओ काढा: छताचं भोक, त्याखालचे ओले डाग, भिंतीवरची पाण्याची रेघ मोजपट्टीसह, प्रत्येक उपकरणाचा सीरियल नंबर. भिजलेला गालिचा टाकावाच लागतो, बुरशी थांबत नाही, पण त्याचा एक तुकडा कापून ठेवा. दोन्ही पॉलिसी असतील तर दोन्हीकडे दावा लावा. छतावर ताडपत्री घातल्याची पावतीही जपून ठेवा, तो खर्च बरेचदा मिळतो. ‘तुमच्या दाव्याचे हक्क आमच्या नावे करा’ असं म्हणत दारावर येणाऱ्या कंत्राटदाराच्या कागदावर मात्र त्याच दिवशी सही करू नका.